सेकंडहँड फोल्डिंग ट्रेलर घ्यायचा का? आमच्या घरातला गोंधळ

आमच्याकडे गेले काही महिने एकच विषय चाललाय, कॅम्पिंगचा घडीचा ट्रेलर घ्यायचा की नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, हा म्हणजे गाडीच्या मागे हूकला लावून ओढायचा एक चपटा डबा, बंद असताना कमरेच्या थोडा वर येतो, मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून छप्पर वर उचलायचं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर ओढायचे, मधल्या कॅनव्हासच्या भिंती ताणून बसतात आणि पंधरा-वीस मिनिटांत खोली तयार. अमेरिकेत याला पॉप-अप म्हणतात, यूट्यूबवर कोलमन नि जेकोचे ढीगभर व्हिडिओ आहेत, मी ते रात्री वह्या तपासून झाल्या की बघत बसते आणि नवरा कूस बदलून म्हणतो, झोप आता, आपण गोव्यात डिचोलीत राहतो, कोलोराडोत नाही.

हे खूळ डोक्यात शिरायला कारण आहे. आमच्याकडे तंबू आहे, चांगला चार माणसांचा, पण आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) गुडघे गेलेत, त्यांना जमिनीवर बसवलं की उठवायला दोघं लागतात, आणि त्यांना सोडून जायचं तर घरी कोण बघणार. ट्रेलरमध्ये पलंग जमिनीपासून वर असतो, खाली ओल नाही, मुंग्या नाहीत, जनावर-बिनावर शिरायची भीती नाही. वर डिसेंबरमधले रूमचे रेट. गोव्यात तर सोडाच, दिवाळीच्या सुट्टीत दांडेली-गणेशगुडी साइडलाही दोन खोल्या म्हटलं की आकडा ऐकून घरीच भजी तळून खावीशी वाटतात. तर हिशोब सोपा वाटला, एकदाच पैसे घालायचे, मग आयुष्यभर रूमभाडं नाही.

तो हिशोब तसा नसतो हे मला बराच विचार केल्यावर लक्षात आलं आणि खरं तर हे पोस्ट त्यासाठीच लिहितेय. पण त्यावर येते, आधी बाकीचं.

पहिला ट्रेलर मी बघितला तो हरमलच्या बीचवर. विदेशी लोक आपापल्या व्हॅन घेऊन येतात ना सीझनला, त्यातल्या एका जोडप्याच्या जीपमागे असला सुंदर छोटा फोल्डिंग ट्रेलर होता, एक बाजू उघडली की तीच जमीन होते, आत स्वच्छ, एकेक वस्तू जागच्या जागी. नवरा गमतीत म्हणाला, विचार विकतात का. मी विचारलंही. तो हसला आणि म्हणाला विकायचा असता तरी विकता येत नाही, कार्नेवर आणलाय. हे कार्ने प्रकरण मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. म्हणजे बघा, बाहेरून स्वतःची गाडी घेऊन फिरायला येणारे लोक कस्टम ड्युटी न भरता ती तात्पुरती आत आणतात, त्यासाठी त्यांच्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबची हमी असते आणि ती गाडी मुदतीत परत देशाबाहेर न्यावीच लागते. इथे ठेवली तर ड्युटी बसते, आणि गाड्यांवरची ड्युटी आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे किनाऱ्यावर कोणी ‘विदेशी पार्टी घाईत परत चाललीय, स्वस्तात सोडतेय’ असं सांगून काही चाकांवरचं विकायला आला तर कान टवकारायचे. वस्तू झकास असेल पण ती तुमच्या नावावर होणार नाही.

मग आपल्याच देशात बनवलेले बघायला लागले. हे मार्केट इतकं बारीक आहे की भावच ठरलेला नाही. सेकंडहँड स्विफ्टचं कसं, वर्ष, मॉडेल, किलोमीटर सांगितले की कोपऱ्यावरचा पानवालापण किंमत सांगेल. इथे एक माणूस दीड लाख म्हणतो, दुसरा चार लाख म्हणतो, आणि दोघंही हवेतून काढतात. ऑनलाइन जाहिरातीत शेवटी एक बेळगावचा सापडला, टिळकवाडीतले एक रिटायर्ड काका, किंमत दोन लाख चाळीस हजार, ‘लेस यूज्ड, गुड कंडिशन, जेन्युइन रीझन’. कारण जेन्युइनच होतं, काकूंना आता फिरणं झेपत नाही.

रविवारी पहाटे चोर्ला घाटाने निघालो. आईंनापण घेतलं, म्हटलं ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांनीच चढून बघू दे.

काका अगदी व्यवस्थित माणूस. आम्ही पोचायच्या आधी चहा नि बेळगावची मिठाई कुंदा तयार. पण ट्रेलर बंद करून ठेवला होता आणि ते चांगलंच झालं, कारण जुना ट्रेलर घेणाऱ्याने तो स्वतः उघडून बघायला हवा, आधीच उघडून ठेवलेला असेल तर सांगायचं की काका एकदा बंद करून परत उघडूया. मी हँडल घेतलं. याच्या आत विंच, म्हणजे केबल गुंडाळायचा छोटा रहाट असतो, त्यावरून लोखंडी केबल पुल्यांमधून चारी कोपऱ्यांच्या खांबांत गेलेली असते, हँडल फिरवलं की चारही खांब एकाच वेळी वर यायला पाहिजेत. इथे तीन आले, मागचा डावा चार बोटं मागे राहिला आणि छप्पर पाटावर न मावणाऱ्या पाहुण्यासारखं एका अंगावर कललं. काका म्हणाले, ‘थोडं हाताने ढकलायचं की वर, येतंय.’ आलंही. पण खांब मागे राहतो म्हणजे त्या कोपऱ्याची केबल ताणलीय किंवा पुली झिजलीय, आणि अशी केबल तुटली तर वरचं छप्पर कोणाच्या डोक्यावर येईल ते सांगता येत नाही. मुलांना लगेच बाहेर काढलं.

मग वास. आत शिरल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा, हे मला कुठल्या व्हिडिओत नाही, आमच्या पोटमाळ्यावरच्या गाद्यांनी शिकवलंय. ओल्याचा कुबट वास आला की समजायचं कधीतरी ओलाच घडी घातलाय. शिवणींजवळ काळे ठिपके होते, पुसले की जाणारे नाहीत, कापडात उतरलेले. काकूंनी सांगितलं की एकदा ब्लीचने धुतलं होतं. ब्लीचने डाग फिके होतात पण कॅनव्हासचा धागा कमजोर होतो आणि वरचं पाणी अडवणारं कोटिंगही जातं, मी बोट लावून बघितलं तर खिडकीच्या वरची शिवण पापडासारखी कडक झालेली. एका ठिकाणी आतून एमसीलसारखं काहीतरी थापलेलं. नवरा तोपर्यंत खाली वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने प्लायवर ठोकत होता, दाराजवळ ठणठण आवाज यायच्या ऐवजी भदभद आला. तिथे पाणी मुरलंय. हार्डवेअरच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला प्लाय फसवू शकत नाही.

टायर वरून नवे दिसत होते, नक्षी पूर्ण. पण टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे होतं २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर फार फिरत नाही, त्यामुळे टायर झिजत नाही, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो, कडेला बारीक चिरा पडतात. चिरा होत्याच. एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर बेअरिंग घरघरत होतं. ते मोठं काम नाही, बेअरिंग बदलणं कुठल्याही गॅरेजात होतं, आमचा म्हापशाचा मेकॅनिक तर म्हणाला, ‘पात्राव (म्हणजे साहेब), चाकाचं टेन्शन घेऊ नका, कापडाचं घ्या.’ बरोबरच आहे त्याचं. लोखंड, चाक, बेअरिंग, दिव्यांची वायरिंग हे सगळं आपल्याकडे कोणीही करून देतो. कॅनव्हास मात्र मापात बसवून शिवणं, त्यात चेन, जाळी, खिडक्यांचं प्लास्टिक, हे ताडपत्रीवाल्याचं काम नाही. मी म्हापशात एका मंडपवाल्याला फोटो दाखवले, त्याने ‘बघून सांगतो’ म्हणून नंतर फोनच उचलला नाही. कोल्हापूरच्या एकाने चाळीस हजारांच्या पुढे सांगितले आणि वर ट्रेलर तिकडे आणून ठेवायला सांगितलं.

म्हणून माझ्या मते याची किंमत अशी काढायची, काकांनी किती घातले ते सोडून द्यायचं, नवा कॅनव्हास, केबल, जमिनीचा प्लाय, टायर आणि बेअरिंग याला काय लागेल ते आधी लिहायचं आणि मग उरलेल्या लोखंडी चेसिसला किती द्यायला मन तयार होतं ते बघायचं. आमचं मन सव्वा लाखाच्या वर जाईना.

आता आई. पलंग जमिनीपासून वर असतो हे मला आवडलं होतं ना, तो इतका वर निघाला की आईंचा पाय तिथे पोचेचना. आत शिरायची पायरी वेगळी, मग आतून पलंगावर चढायचं वेगळं, गुडघा टेकवून वर सरकायचं. आई दोनदा प्रयत्न करून मधल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मी इथेच बसते, तुम्ही चढा. आणि रात्री उठायचं झालं तर?’

या प्रश्नावर सगळे गप्प. कारण आत संडास नाही. बहुतेक घडीच्या ट्रेलरमध्ये नसतोच, फार तर एक पोर्टेबल पॉट ठेवायला जागा असते.

आणि इथेच माझा तो हिशोब बिघडला. आपण रूमचे पैसे भरतो ते खाटेसाठी भरतो असं आपल्याला वाटतं. खरं बघितलं तर आपल्याकडे बाहेर मुक्कामाचे पैसे असतात ते संडास-बाथरूमचे, पाण्याचे आणि कुंपणाचे. खाट हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. युरोप-अमेरिकेत रीतसर कॅम्पसाइट असतात, तिथे नळ, वीज, न्हाणीघर सगळं असतं, तुम्ही फक्त खाट घेऊन जायची, म्हणून तिकडे हा ट्रेलर परवडतो. आपल्याकडे कुठे लावणार? बीचवर? गोव्यात २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि बीचवर दारू प्यायला दंड लावला, तेव्हा तो एकट्या माणसाला दोन हजार, ग्रुपला दहा हजार होता. आणि मला विचाराल तर बरंच केलं, आमच्या किनाऱ्यावर गॅसवर बिर्याणी शिजवून पत्रावळ्या वाळूत टाकून गेलेल्या बसेस मी बघितल्यात, त्यामुळे मी स्वतः तिथे स्टोव्ह मांडून बसणार नाही. जंगलात? मोले असो की नेत्रावळी की खोतीगाव, अभयारण्यात परवानगीशिवाय रात्रीचं राहता येत नाही आणि राहूही नये. रस्त्याकडेला हायवेवर लावायचं तर सहासष्टवरचे ट्रक रात्रभर कानाजवळून जाणार, आणि बायका-पोरं असताना मला तरी झोप लागायची नाही.

म्हणजे उरलं काय, तर कोणाचं तरी कुळागर (पोफळी-माडांची बाग), कोणाचं तरी अंगण, नाहीतर होमस्टेचं आवार. मी जोयड्याच्या एका होमस्टेला फोन करून विचारलं, आमची खोली आमच्याबरोबर आहे, फक्त जागा आणि बाथरूम वापरायचं, किती घ्याल? ते बिचारे गोंधळले, मग म्हणाले माणशी चारशे द्या, जेवण वेगळं. पाच माणसांचे दोन हजार. त्यांची सगळ्यात साधी खोली, एक्स्ट्रा गादीसकट, साडेतीन हजारांना होती. म्हणजे दोन लाखांची वस्तू घाटातून ओढत नेऊन आम्ही एका रात्रीमागे दीड हजार वाचवणार. नवऱ्याने मोबाइलवर भागाकार करून दाखवला आणि मी तो मोबाइल उलटा ठेवला.

तरी मी हरले नव्हते, कारण पैसे वाचवायला कोणी कॅम्पिंग करत नाही, मजा म्हणून करतात. तर मग मजेचं बोलू. ओढायला मजा येते का?

आमची बोलेरो आहे, चेसिसवाली गाडी, ओढायला दमदार. ट्रेलर रिकामा साडेचारशे किलोच्या आसपास, त्यात गाद्या, भांडी, पाणी, सिलिंडर टाकलं की सहाशेच्या वर जाणार. नियम असा की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हूकवर यायला हवा, म्हणजे आमच्या केसमध्ये साठ ते नव्वद किलो. कमी पडला तर मागचा ट्रेलर वेगात डावी-उजवी डोलायला लागतो आणि गाडीलाही हलवतो, जास्त झाला तर गाडीची शेपूट खाली बसते, हेडलाइट आकाशाकडे आणि पुढच्या चाकांची पकड कमी. म्हणून जड सामान एक्सलच्या थोडं पुढे ठेवायचं, मागच्या टोकाला कधीच नाही. पाण्याचे कॅन मागे ठेवायची सवय असते लोकांना, ती इथे चालत नाही.

काकांच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. युरोपात साडेसातशे किलोपर्यंतच्या ट्रेलरला ते नसले तरी चालतात. पण युरोपातल्या त्या नियमाने चोर्ला घाट बघितलेला नाही. चढताना प्रश्न नसतो, फार तर मागचे हॉर्न वाजवतील. उतरताना सहाशे किलो मागून ढकलत असतात आणि थांबवायचं सगळं गाडीच्या चार चाकांनी. सेकंड गिअर, इंजिनावर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे सगळं मला माहीत आहे, पण वळणावर समोरून बेळगावची भाजीची गाडी माझ्या लेनमध्ये येते तेव्हा मला जे करावं लागतं ते सेकंड गिअरमध्ये बसत नाही. ब्रेक लावून घेता येतात, एक प्रकार असा असतो की गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे सरकतो, त्या दाबाने हूकजवळचा दांडा मागे जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. कुठलीही वायर नाही, वीज नाही, साधी यांत्रिक युक्ती. मला ती फार आवडली. ती असलेला ट्रेलर मिळाला तर मी पन्नास हजार जास्त देईन.

रिव्हर्स मात्र मला जमला आणि हे मी सगळ्यांना सांगत सुटलेय. काकांनी सोसायटीच्या मागच्या मैदानात करून बघू दिलं. स्टिअरिंग खालून धरायचं, सहा वाजतात तिथे, आणि ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा, बस. वरून धरलं की सगळं उलटं होतं. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा जास्त वात्रट, क्षणात काटकोनात दुमडतो, त्यामुळे अगदी थोडं थोडं वळवायचं आणि बिघडलं की पुढे जाऊन सरळ करायचं. नवऱ्याला जमला नाही. त्याचं म्हणणं ऊन डोळ्यावर येत होतं.

पण मैदान वेगळं आणि आमच्या वाड्यावरचा रस्ता वेगळा. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, मधून एक गाडी जाते, समोरून कोणी आलं की कोणीतरी मागे जायचं, आणि मागे ट्रेलर असलेल्या माणसाने मागे जायचं म्हटलं की संपलंच. फेरीबोटीचंही तेच. दिवाडी बेटावर जायचं तर ओहोटीला रॅम्प असा उतरता असतो की गाडी वर आणि ट्रेलर खाली, मधला हूक काँक्रीटला घासणार.

पावसाळ्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते बोलायला लागले की थांबत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या साखळी-वाळपई बाजूला त्याहूनही जास्त, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे वर्षातले चार महिने ट्रेलर बाहेर काढायचा नाही. आमच्या शाळेला मोठी सुट्टी असते चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ती नेमकी पावसात. दिवाळी, नाताळ आणि मे, एवढंच हातात. त्यात मेमध्ये कॅनव्हासच्या आत दुपारी कोण बसेल.

बरं, चार महिने नुसता ठेवायचा म्हणजे कुठे? बंद केल्यावर बुटका असतो, पोर्चमध्ये मावतो, पण मग बोलेरो पावसात. आणि वरून ताडपत्री गुंडाळून बांधला तर आतली दमट हवा आतच राहते, ऑगस्टमध्ये उघडला की बुरशीची शेती. सुती कॅनव्हास श्वास घेतो पण ओल धरतो, पीव्हीसीवाला पाणी आत येऊ देत नाही पण रात्री आपल्याच श्वासाचं पाणी आतून ठिबकतं. आपल्या हवेत दोन्हींचे हाल. आमच्या घरात आषाढात चपलांना बुरशी येते, कपाटातल्या पैठणीला येते, माझ्या लग्नाच्या अल्बमला आलीय, तिथे एक पूर्ण कापडी खोली घडी घालून चार महिने ठेवायची म्हणजे दर पंधरवड्याला उघडीप बघून ती उघडायची, वाळवायची, उंदरांनी काही कुरतडलं का बघायचं आणि परत मिटायची. हे कोण करणार याचं उत्तर घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघून दिलं.

तरीही, खोटं का बोला, त्या दिवशी परतताना मी घेऊया याच मताची होते. सव्वा लाखात मिळाला तर दुरुस्त करू, ब्रेक लावून घेऊ, आईंसाठी मधलं बाक आहेच, त्याची गादी होते. पण निघताना एक काम केलं होतं. काका आधीपासून फोनवर सांगत होते पेपर सगळे ओके, आरसी लॉकरमध्ये आहे. मी मागची नंबरप्लेट बघून, केए-२२, एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकली. नंबर खरा निघाला, नोंदणी चालू होती, आणि गाडीचा वर्ग लिहिला होता ट्रेलर, अ‍ॅग्रिकल्चरल.

शेतीचा ट्रेलर! म्हणजे कागदावर ही ट्रॅक्टरची ट्रॉली. ज्या फॅब्रिकेटरने काकांना हा बनवून दिला त्याने कुठल्यातरी ट्रॉलीच्या नोंदणीवर हा कॅम्पर उभा केलेला. काकांना दाखवलं तर त्यांचा चेहराच पडला, त्यांना खरंच कल्पना नव्हती, इतकी वर्षं बेळगावच्या आसपास फिरले, कोणी अडवलं नाही.

आता यात फरक काय पडतो म्हणाल, तर बराच. आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, ट्रेलर हासुद्धा मोटार वाहनच आहे, इंजिन नसलं म्हणून काय झालं. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, थर्ड पार्टी विमा पाहिजे. आणि खाजगी वापराच्या कॅम्परसाठी कागदावर वेगळा वर्ग आहे, ‘कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर, प्रायव्हेट यूज’, तो नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये मोडतो, खाजगी कारसारखा. तो वर्ग आरसीवर असेल तर पुढचं सगळं रुळावर. दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, आणि बारा महिन्यांच्या वर गोव्यात ठेवायचा तर इथला नंबर घ्यायचा, कर भरायचा. कंटाळवाणं आहे पण होतं.

इथे मात्र आरसीवर एक आणि समोर दुसरंच. कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करायचा नाही. मी सोमवारी शाळा सुटल्यावर आरटीओत जाऊन विचारून आले, काउंटरवरच्या बाईंनी फोटो बघितले, हसल्या आणि म्हणाल्या, टीचर, हे आधी बेळगावात सुधारून घ्यायला सांगा, मग एनओसी आणा, मग बघूया. सरळ बोलल्या, वेळ घालवला नाही, मला आवडलं. कारण उद्या घाटात काही झालं, कोणाला लागलं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारणार की शेतीचा ट्रेलर बोलेरोमागे पोरं-बाळं घेऊन काय करत होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

काकांना फोन करून सांगितलं, की काका, वर्ग बदलून घेतलात तर सव्वा लाखाला आम्ही तयार, नाहीतर जमणार नाही. ते म्हणाले बघतो. नंतर त्यांचाच फोन आला, एजंटने वर्ग बदलायचे जे सांगितलेत त्यापेक्षा भंगारात दिलेला परवडेल, ताई, तुम्ही असाच न्या, साठ हजार द्या.

साठ हजार ऐकल्यावर इतके दिवस विरोध करणारा माझा नवरा एकदम फिरला. त्याची आयडिया अशी की टेम्पोत घालून आणायचा, रस्त्यावर ओढायचाच नाही म्हणजे आरसीचा प्रश्न नाही, आणि सत्तरी तालुक्यातल्या त्याच्या मामांच्या कुळागरात पोफळींच्या मधे कायमचा लावून ठेवायचा, आपण वीकेंडला जाऊ. दोन दिवस घरात हीच चर्चा. मुलांनी तर आत कोण कुठे झोपणार तेही वाटून घेतलं. मग मी शांतपणे विचारलं की कुळागरात, ओढ्याच्या कडेला, सत्तरीच्या पावसात, हा कापडी डबा बारा महिने ठेवणार? आणि तिथे मामांचं घर शंभर पावलांवर आहे, त्यात माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, खाली न्हाणीघर आहे, मामी सकाळी उकड्या तांदळाची पेज वाढतात, तर आपण त्यांच्या अंगणातून पुढे जाऊन डब्यात कशाला झोपायचं? नवरा म्हणाला, मामी बोलतात फार.

ते खरं आहे. पण साठ हजार देण्याइतकं नाही.

तर हा नाही घेतला. शोध चालू आहे, आणि आता माझ्या अटी ठरल्यात, आरसीवर प्रायव्हेट यूजचा वर्ग, स्वतःचे ब्रेक, छप्पर कडक आणि बाजू कापडाच्या ऐवजी दुमडणाऱ्या फायबरच्या असतील तर सोन्याहून पिवळं, आणि पलंगापैकी एक तरी आईंना बसून मागे सरकता येईल इतका खाली. कोणाच्या माहितीत कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्ग पट्ट्यात असा कोणी विकत असेल तर सांगा. फक्त त्यांना म्हणावं, आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो आधी पाठवा, चहा नि कुंदा नंतर.